शालन सिस्टरांची भीती

"काळजी करू नका" हे वाक्य मी शालन सिस्टरांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. दवाखान्यात हे वाक्य फुकट मिळतं. कागद भरून घेणारी मुलगी म्हणते, औषधाच्या दुकानातला म्हणतो, लिफ्टमध्ये भेटलेला परका माणूससुद्धा खांद्यावर हात ठेवून म्हणून जातो. शालन सिस्टर आयसीयूच्या दारात आल्या, हातातल्या कागदावर माझा धंदा वाचला आणि म्हणाल्या, "आवं सर, काळजी करा. करण्यासारखंच हाय. पन बाहेर बसून करा. आत रडायचं न्हाई, पेशंटला ऐकू येतं."

मी रडतच होतो. ते ऐकून इतका घाबरलो की रडणं थांबलं.

मी वडूजच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि "साधा खोकला हाय, बॉर्डरवर ह्याच्यापेक्षा बेक्कार खोकलोय" असं म्हणत त्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले. गावातले डॉक्टर म्हणाले, इथं थांबू नका, व्हेंटिलेटरचा बेड सांगलीत मिळतोय. मायणी, विटा, तासगाव असा तो रस्ता मी उभा जन्म ओळखतो, पण त्या दिवशी मला त्यातलं एकही झाड ओळखू आलं नाही. आबांचा हात धरून बसलो होतो आणि प्रत्येक गतिरोधकाला मनात म्हणत होतो, आता गेले. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. मला वाढवलं ते आबांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींनी आणि आक्कांनी, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं. आबा गेले तर माझ्या डोक्यावर कोण, हा प्रश्न बावन्नाव्या वर्षी पडावा याची लाज वाटली, पण पडला खरा.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगलीत असे पुष्कळ आहेत. आयसीयूच्या दाराला ताटलीएवढी गोल काच होती आणि दारासमोर एक बाक. त्या बाकावर मी एकोणीस दिवस काढले. मला शालन सिस्टर दिसल्या त्या बहुतेक त्या ताटलीतूनच.

त्या आटपाडीकडच्या. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, पायात आवाज न करणारी रबरी चप्पल. घड्याळ मनगटावर नाही, छातीवर पिनेनं उलटं अडकवलेलं. हात धुऊन धुऊन भेगाळलेले. सकाळी आठला ड्यूटी बदलली की बाकीच्या सिस्टर वही बघून कामाला लागत. ह्या तसं करत नसत. प्रत्येक कॉटपाशी जाऊन सलाईनच्या पिशवीपासून पेशंटच्या अंगापर्यंत प्रत्येक नळी बोटांनी धरत, चाचपत खाली येत, आणि जिची ड्यूटी संपली त्या पोरीला सोबत उभं ठेवत. पोरीची बस चुकायची. "पिशवी दिसती, सुई दिसती, पन दोनी एकमेकीला लागल्यात का, ते हातानं बघायचं. डोळा लबाड असतो गं." एवढं झालं की रिकाम्या कॉटपाशी जायच्या आणि तिथला ऑक्सिजन सोडून बघायच्या, कफ ओढायचं मशीन चालू करून बघायच्या. तिथं पेशंट नसायचा. पोरी तोंडाला पदर, नव्हे मास्क, असूनही हसलेल्या कळायच्या. बाहेर आल्या की शालन सिस्टरांबद्दल म्हणायच्या, "मावशी रिकाम्या कॉटलाबी भ्यात्यात."

हे मी ऐकलं. आपला बाप जिच्या हातात आहे ती बाई भित्री आहे, हे कुणाला ऐकायला आवडेल?

आक्का मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर खूश. कारण असं की, शालन सिस्टर ड्यूटीवर आल्या की आबांच्या पायथ्याशी जात, पांघरूण सारत आणि दोन्ही हात आबांच्या पावलांवर ठेवत. मग पुढच्या पेशंटच्या. आक्कांनी ते काचेतून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "बघ, पेशंटच्या पाया पडून कामाला लागती. कुठल्या चांगल्या घरची असंल!" मलाही ते खरं वाटलं. मी विज्ञान शिकवतो, हे पुन्हा एकदा नमूद करून ठेवतो, कारण पुढं त्याची गरज पडणार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला सहीसाठी आत बोलावलं. आबा व्हेंटिलेटरच्या नळीवर, बेशुद्ध. शालन सिस्टरांनी पावलांवर हात ठेवले ते उचललेच नाहीत. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, परत दाबलं. पांघरूण गुडघ्यापर्यंत वर केलं. कातडीवर जांभळट जाळी उमटली होती. मॉनिटरवरचे आकडे हिरवेगार, जसे काल होते तसेच. त्यांनी तरुण डॉक्टरांना हाक मारली.

"बीपी तर चांगलंय सिस्टर," डॉक्टर लांबूनच म्हणाले.

"बीपी चांगलं हाय. पाय चांगले न्हाईत. काल कोमट व्हते, आज गार हायत. मला भ्या वाटतंय."

"तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते सांगा एकदा."

"सांगते मागनं. आधी हात लावून बघा."

डॉक्टर हसत आले, हात लावला आणि हसायचे थांबले. मग रक्त काढलं, नवीन पिशव्या लागल्या, मोठ्या डॉक्टरांना फोन गेला आणि मला बाहेर काढलं. मी ताटलीला नाक लावून उभा होतो. तासाभरानं हिरवे आकडे लाल झाले आणि मशीन ओरडायला लागलं. मी भिंत धरली. पण आत कुणी पळालं नाही, कारण लागणारं सगळं औषध आधीच टांगलेलं होतं. नंतर डॉक्टरांनी मला सांगितलं की जंतू रक्तात उतरले होते, आणि तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुपारी शालन सिस्टर डबा खायला बाहेर आल्या. बाजरीची भाकरी, उभ्यानंच, नजर काचेत. मी म्हणालो, आक्कांना वाटतं तुम्ही पाया पडता. त्यांना हसू आलं, तेवढंच एकदा मी पाहिलेलं. "पाया न्हाई पडत, पाय बघते. आतलं रक्त कमी पडाय लागलं की अंग आधी पायाचं तोडतं. मशीनला लय मागनं कळतं."

"आणि आकडे चांगले असले तर?"

"तवा तर जास्ती भ्या वाटतं."

नवव्या दिवशी आबांची नळी काढली. आवाज पार बसलेला, पण डोळे उघडे. शेजारच्या कॉटवर तासगावचे एक म्हातारे आले होते, त्यांचंही नाव ज्ञानदेव, आणि घरचे त्यांनाही आबाच म्हणत. आपल्याकडं दर दुसरा म्हातारा आबा असतो, त्याला कोण काय करणार. शालन सिस्टरांनी दोन्ही कॉटांवर पांढरी पट्टी चिकटवून ठसठशीत लिहिलं, 'वडूजचे आबा', 'तासगावचे आबा'. तरीही प्रत्येक इंजेक्शनच्या आधी विचारायच्याच, "नाव काय? गाव काय?" आबा वैतागत. घोगऱ्या आवाजात म्हणत, "अगं पोरी, धा येळा सांगितलं की."

"अकराव्यांदा सांगा."

आबा सांगत. मग मला खुणेनं जवळ बोलावून म्हणत, "सेंट्री हाय ही, पहाऱ्यावरची."

भिंतीवर आबांच्या डोक्यामागं त्यांनी आणखी एक पट्टी आडवी मारली होती. कॉटची डोक्याकडची बाजू त्या पट्टीच्या खाली जाता कामा नये. "आडवं झोपवलं तर थुंकी छातीत जाती," म्हणाल्या. आणि पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही. गिळता येतं का, ते तपासणारे परवा येणार, तोवर नाही. ओठ सुकले की त्या ओला कापूस फिरवत. "चव देते, पानी देत न्हाई."

आबा पाणी मागत. तोंडाकडं अंगठा नेत, माझ्याकडं बघत. ज्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नाही, तो घोटभर पाणी मागत होता आणि मी मान हलवत होतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेला आक्का आल्या. खरसुंडीला जाऊन सिद्धनाथाचं तीर्थ घेऊन आल्या होत्या, खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत. सोबत देव्हाऱ्यातली तांब्याची पळी. आत एकालाच सोडत. आक्कांनी बाटली माझ्या हातात कोंबली. "नाथाला बोलले हाय मी. दोन पळ्या तोंडात घाल. देवाचं हाय ते, त्याला काय हुतंय?" मी म्हणालो, आक्का, चालत नाही. आक्का म्हणाल्या, "तुझ्या आईच्या वक्ताला मी गेले न्हवते नाथाला."

मी बाटली आणि पळी खिशात घातली.

मी दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर अन्ननलिका आणि श्वासनलिका काढतो. मधलं ते झाकण काढतो. चुकून पाणी श्वासनलिकेत गेलं तर काय होतं, यावर दोन गुणांचा प्रश्न विचारतो. तोच मी, शालन सिस्टर तासगावच्या आबांकडं वळल्या तेव्हा, खिशातून पळी काढली. आबांनी तोंड उघडलं. एक पळी. आबांनी डोळे मिटले, चेहरा असा झाला की मला धन्य वाटलं. दुसरी पळी.

मग आबा खोकले. पहिला खोकला ऐकूच आला नाही, नुसती मान हलली. दुसरा आला तो घसा फाडत. मॉनिटरवर ऑक्सिजन त्र्याण्णव होता तो नव्वद झाला. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशी. आबांचे डोळे विस्फारले आणि ते माझ्याकडं बघत राहिले. तसा मी जन्मात भ्यालो नाही. पळी खिशात टाकली आणि नुसता उभा राहिलो, हाकसुद्धा मारली नाही.

शालन सिस्टर आल्या ते मला कळलं नाही. कॉट वर घेतली, आबांना कुशीवर वळवलं, नळी घशात घालून कफ ओढायला सुरुवात केली. माझ्याकडं न बघता विचारलं, "काय दिलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मी रागवायला इचारत न्हाई, सर. डॉक्टरला सांगायचंय. काय दिलं?"

"काही नाही हो."

त्यांनी एकदाच मान वळवून माझ्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. पळीचा दांडा बाहेर आला होता. पळी दिसली, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तीर्थ व्हय? नुसतं पानी, का पंचामृत?"

"पाणी."

"तुळशीचं पान व्हतं?"

"नाही."

"किती?"

"दोन पळ्या," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. "बाहेर जावा," एवढंच त्या म्हणाल्या.

बाकावर आक्का पदरात तोंड घालून बसल्या होत्या. त्यांच्यावर राग काढावासा वाटत होता, आणि आबांना ती पळी माझ्या हातानं दिली होती हे विसरता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी आबा तगले. दुसऱ्या दिवशी ताप चढला. पाणी उजव्या फुफ्फुसात गेलं होतं. परत नळी घालावी लागली तर ह्या वयात ती निघेलच असं सांगता येत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांना काय गेलंय आणि किती गेलंय ते माहीत असल्यामुळं बाकी शोधाशोध करायला लागली नाही, हेही म्हणाले. नळीचा ट्रे आबांच्या उशाशी उघडा मांडून ठेवला होता. तीन दिवस मी ताटलीतून आबांकडं बघत नव्हतो, त्या ट्रेकडं बघत होतो.

मध्ये एकदा मी सिस्टरांना गाठलं आणि हळूच विचारलं, "ते कागदावर लिहिलंत का?" म्हणजे लिहू नका असंच म्हणायचं होतं मला. सरांनी बापाला तीर्थ पाजलं, हे गावात कळलं तर वर्गात तोंड कसं दाखवू, असली क्षुद्र भीतीही त्या मोठ्या भीतीच्या पोटात होतीच.

"लिवलं. नातेवाइकांनी दोन पळ्या पानी पाजलं. आन् त्या वक्ताला मी शेजारच्या चार नंबरकडं तोंड करून उभी व्हते, ते बी लिवलं."

"तुमचं कशाला लिहिलंत? तुमची काय चूक?"

"भेटायच्या वेळंला पाठ करायची नसती पेशंटकडं. केली." त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला होता, हे मला पोरींकडून कळलं.

मग बाकाच्या टोकाशी टेकल्या. "सर, मी नवीन व्हते, साताऱ्याला. एका बाईचं औषध जोरात सुटलेलं दिसलं. नळीवरचा चिमटा मीच सैल ठेवला व्हता. बंद केला आन् गप बसले. कुणाला सांगितलं न्हाई. अर्धा तास ती बाई कशी व्हती आन् मी कशी व्हते, माझं मला ठावं. वाचली ती. पन तिच्या नशिबानं वाचली, मी तर तिला मारलीच व्हती. तवापासनं मला सगळ्याचं भ्या वाटतं. नळीचं, चिमट्याचं, आकड्याचं. आन् लय भ्या वाटतं ते गप बसण्याचं. तुमी दोनदा काय न्हाई म्हनला, तवा मला तुमच्यात मीच दिसले."

त्या उठल्या आणि आत जाऊन हात धुवायला लागल्या.

चौथ्या दिवशी ताप उतरला. नळीचा ट्रे झाकून कपाटात गेला. मी त्या बंद कपाटाला मनातल्या मनात हात जोडले.

निघायच्या आदल्या दिवशी आबा उशीला टेकून बसले होते. गिळणं तपासून झालं होतं, चमच्यानं घट्ट पेज खात होते. मी सहज म्हणालो की इथल्या पोरी शालन सिस्टरांना भित्री म्हणतात. आबांनी चमचा खाली ठेवला. "ज्याला भ्या वाटत न्हाई, त्याला आमी सेंट्रीला कवाच उभा करत न्हवतो. तो झोपतो." आणि पुन्हा पेज खायला लागले.

निघताना शालन सिस्टर भेटल्या नाहीत. दोन नंबरवर नवीन पेशंट आला होता आणि त्या तिथं होत्या.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी शाळेच्या कामासाठी सांगलीला जाणं झालं. आक्कांनी घरच्या शेंगदाण्याचे लाडू दिले होते, सिस्टरांसाठी. त्या बाहेर आल्या, पण मला ओळखलं नाही. वडूज म्हटलं, सुभेदार म्हटलं, तीन नंबर म्हटलं. मग एकदम म्हणाल्या, "दोन पळ्या!" मी मान हलवली. बाकावरचे लोक बघायला लागले.

"पाय कसे हायत सुभेदारांचे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गरम आहेत, सकाळी फिरून येतात.

दाराशेजारी पूर्वी नव्हतं असं एक स्टीलचं टेबल होतं. त्यावर एका ताटात बाटल्या, अंगाऱ्याच्या पुड्या, भंडाऱ्याची डबी, एक काळा दोरा, आणि प्रत्येकावर पेशंटचं नाव, गाव. माझी नजर तिथं गेलेली त्यांनी पाहिली.

"आता पहिल्या दिवशीच इचारते, कुठल्या देवाचं काय आनलंय, ते हितं ठेवा. आनू नका म्हनलं तर खिशात घालून आनत्यात. कपाळाला, पायाला मी सोता लावते भेटायच्या वेळंला, त्यांच्या म्होरं. देव कपाळावरनं बी आत जातो, सर. त्याला घशातनंच जायाला पायजे असं न्हाई."

आतून मशीन ओरडलं. लाडवांचा डबा माझ्याच हातात राहिला आणि त्या गेल्या. मी डबा त्या ताटाशेजारी ठेवला, वर चिठ्ठी लावली आणि जाता जाता, सवयीनं, दारातल्या गोल काचेला डोळा लावला.

कॉटवर एक तरुण बाई होती. शालन सिस्टर पायथ्याशी उभ्या होत्या, डावा हात तिच्या पावलावर. पाठ दाराकडं; शांत चेहऱ्यानं मान वळवून पोरींना काहीतरी सांगत होत्या आणि पोरी भराभर करत होत्या, कुणी हसत नव्हतं. उजवा हात त्यांनी पाठीमागं घेतला होता, कुणाला दिसू नये असा. मला तो समोरच दिसत होता. त्यांनी गणवेशाची कड मुठीत घट्ट धरली होती आणि ती मूठ थरथरत होती.

घरी पोचलो तेव्हा आबा कॉटवर बसून माझी वाट बघत होते.

"भेटली का बाई?"

"भेटल्या. तुमचे पाय कसे आहेत, विचारत होत्या."

आबांनी आपल्या पायांकडं बघितलं, बोटं हलवून पाहिली. "आन् अजून भ्याती का?"

मला ती मूठ आठवली. "हो आबा. लय."

"मग बरं हाय," आबा म्हणाले आणि पाय पांघरुणात ओढून घेतले.